कमी डस्टमध्ये डेक बांधताय? मग या चुका टाळा

दिवाळीच्या सुट्टीत रंकाळ्याच्या कट्ट्यावर बसलो होतो. मामेबहिणीनं फोन माझ्यापुढं धरला. "दादा, मी परत हरलो. डेक बघ की जरा." (कोल्हापूरची पोरगी, ती 'हरले' कशाला म्हणतेय!) माझे हात भेळेत, म्हणून तिनंच स्क्रीन सरकवत एकेक कार्ड दाखवलं. गेम हार्थस्टोन, फोनवरचा पत्त्यांचा खेळ; डेक म्हणजे आपण निवडलेला ३० कार्डांचा गठ्ठा. नवी कार्डं बनवायला तिथं 'डस्ट' लागते, ती नको असलेली कार्डं मोडून मिळते. कुणा लेजंड (सगळ्यात वरच्या) रँकवाल्याचा व्हिडिओ बघून उतरवलेला. मूळ डेकात सात लेजंडरी (सगळ्यात दुर्मिळ कार्डं; त्याखाली एपिक, रेअर, कॉमन) होत्या, तिच्याकडं त्यातल्या दोनच. उरलेल्या पाच जागी तिनं हाताला लागेल ते भरलं होतं.

"पाचच तर बदलली," ती म्हणाली.

घोळ तिथंच होता. त्या संध्याकाळी तिच्या डेकात जे सापडलं आणि मी स्वतः आधी जे करून बसलोय, ते इथं लिहितोय. ज्यांना गेमवर पैसे घालायचे नाहीत किंवा फार थोडे घालायचेत, त्यांच्यासाठी.

महागड्या डेकची फाटकी नक्कल

कंट्रोल प्रकारचा महागडा डेक पहिले सहा-सात टर्न फक्त तग धरतो. समोरच्याचे मिनियन (पटावर उतरवलेली लढाऊ कार्डं) मारायचे, हेल्थ भरून काढायची आणि मग मोठी लेजंडरी उतरवून डाव फिरवायचा. तग धरायची कार्डं बहुतेक कॉमन-रेअर असतात, ती सगळ्यांकडं असतात. डाव जिंकून देणारी असतात ती लेजंडरी, आणि आपण नेमकी तीच काढतो. उरतो तो दहाव्या टर्नपर्यंत झकास टिकणारा आणि मग काय करायचं हे ठाऊकच नसलेला डेक. फरसाण आहे, मटकी आहे, शेजारी ब्रेडच्या स्लाइस आहेत, पण कटच नाही. त्याला मिसळ कोण म्हणेल?

बहिणीचं तेच होत होतं. तिचे डाव लांबायचे, तिला वाटायचं आपण बरं खेळतोय, आणि बाराव्या टर्नला समोरचा काहीतरी अचाट उतरवायचा.

म्हणून कुठलाही डेक उतरवण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: हा डेक जिंकतो कशानं? उत्तरात तुमच्याकडं नसलेल्या कार्डाचं नाव आलं तर तो डेक सोडा. मधलं एखादं सोयीचं कार्ड नसेल तर चालतं, त्याच किमतीचं आणि तेच काम करणारं दुसरं घालता येतं. जिंकून देणारं कार्ड नसेल तर पर्याय शोधत बसू नका.

आकडेच मांडतो. क्राफ्ट करायला (म्हणजे कार्ड बनवायला) कॉमनला ४० डस्ट लागते, रेअरला १००, एपिकला ४०० आणि लेजंडरीला १६००. तिच्या मूळ डेकातल्या सात लेजंडरींचेच ११,२०० होतात. याउलट १८ कॉमन आणि १२ रेअर असा डेक शून्यापासून क्राफ्ट केला तरी १,९२० डस्ट, म्हणजे एका लेजंडरीपेक्षा जेमतेम ३२० जास्त. त्यात कोअर सेटची (मूळ संचाची) कार्डं फुकट मिळतात, त्यामुळं खरा खर्च याहूनही कमी येतो.

असा स्वस्त डेक जिंकतो कसा? लवकर. समोरच्याची महागडी कार्डं हातात अडकलेली असतानाच त्याची ३० हेल्थ संपवायची. इथं हिरो पॉवरकडं (आपल्या पात्राच्या खास ताकदीकडं) फार कमी लोक लक्ष देतात. ती प्रत्येकाला फुकट मिळते आणि दर टर्नला वापरता येते. हंटर या क्लासची (पात्राच्या प्रकाराची) हिरो पॉवर २ मनात (मना म्हणजे कार्ड खेळायला लागणारी, दर टर्नला मिळणारी ऊर्जा) समोरच्या हिरोला थेट २ डॅमेज करते. पाच वेळा दाबली की १०, म्हणजे हेल्थचा तिसरा हिस्सा एकही कार्ड न घालवता गेला. वॉरलॉकची २ मना आणि स्वतःची २ हेल्थ घेऊन एक कार्ड देते. छोटी कार्डं भराभर टाकली की हात रिकामा होतो, हे स्वस्त डेकचं मोठं दुखणं. त्याचं औषध वॉरलॉकला जन्मजात मिळालंय. कमी डस्टमध्ये सुरुवात करणाऱ्याला मी म्हणूनच डोळे झाकून हे दोन क्लास सांगतो. बाकीचे वाईट नाहीत, पण त्यांची हिरो पॉवर हे काम इतकं सरळ करत नाही.

मोड घालायची घाई

गुजरीत दागिना मोडायला नेला की सोनार घडणावळ धरत नाही, वर घट कापतो, आणि आपण तोंड पाडून बाहेर येतो. इथला सोनार त्याहून कडक. १६०० ची लेजंडरी मोडली की हातात ४०० येतात. ४०० ची एपिक मोडली की १००. रेअरचे २०, कॉमनचे तर ५, म्हणजे किमतीचा आठवा हिस्सा. एक लेजंडरी बनवायला चार लेजंडरी मोडाव्या लागतात.

नवखा माणूस काय करतो? पहिल्या महिन्यात एका क्लासवर प्रेम बसतं आणि बाकी सगळ्या क्लासची कार्डं मोडून त्याच्यावर ओततो. दोन महिन्यांनी तो क्लास मागं पडतो आणि हातात दुसरं काहीच उरत नाही. मी हे केलंय. प्रीस्ट क्लासची दोन एपिक मोडून जी २०० डस्ट आली तिचं पुढं काय केलं ते आठवतही नाही. ती दोन एपिक मात्र पुढं वर्षभर प्रत्येक बऱ्या प्रीस्ट डेकात दिसत राहिली.

दुसरी गोष्ट लेजंडरीवाल्यांनाही ठाऊक नसते. एखादं कार्ड नर्फ झालं (कंपनीनं त्याची ताकद कमी केली) की साधारण दोन आठवडे ते मोडल्यावर पूर्ण किंमत परत मिळते. आज ४०० देणारी लेजंडरी त्या दिवसांत १६०० देते. त्यामुळं डेकात न बसणारं पण इतरांच्या डेकात सारखं दिसणारं कार्ड हाताशी असेल तर ते मुळीच मोडू नका. जोरदार कार्डांवरच नर्फची कुऱ्हाड पडते. जास्तीच्या प्रती एका बटणात मोडायची सोय गेममध्ये आहे. तेही बटण नर्फचा पॅच (गेमचा अपडेट) येऊन गेल्यावरच दाबायचं.

आणि सोनेरी कार्डं! खेळात ती साध्यासारखीच, नुसती चमकतात. पण सोनेरी एपिक मोडली की ४०० आणि सोनेरी लेजंडरी मोडली की १६०० येतात. साधं कार्ड जवळ असेल तर मोडायला पहिला मान सोनेरीचा. उलट सोनेरी लेजंडरी क्राफ्ट करायला ३,२०० लागतात, तेवढ्या डस्टमध्ये आख्खा डेक उभा राहतो. हौसेला मोल नसतं हे खरं, पण मग बजेटच्या गप्पा मारू नयेत.

चुकीच्या महिन्यात क्राफ्ट

ही माझी सगळ्यात महागात पडलेली चूक. फेब्रुवारी चालू होता. एका जुन्या सेटमधली लेजंडरी फार दिवस डोळ्यांसमोर होती. १६०० जमले आणि त्याच रात्री क्राफ्ट केली. वर्षातून एकदा, साधारण मार्च-एप्रिलमध्ये वर्षातला पहिला नवा सेट येतो, तेव्हा जुने सेट स्टँडर्डमधून (फक्त अलीकडच्या सेटांच्या खेळातून) बाहेर पडतात. माझं कार्ड दीड महिन्यात वाइल्डमध्ये गेलं. तिथं ते खेळता येतं, वाया गेलं असं नाही. पण वाइल्ड म्हणजे आजवरची सगळी कार्डं घेऊन बसलेल्या जुन्या खोडांचा फड, तिथं माझ्या एका लेजंडरीला कोण विचारतंय?

त्यामुळं डिसेंबरनंतर काहीही क्राफ्ट करताना आधी सेट बघा. लवकरच जाणारा असेल तर कॉमन-रेअरपलीकडं हात घालू नका.

नवा सेट आल्या दिवशी क्राफ्ट करणं हीसुद्धा तीच चूक. पहिल्या आठवड्यात सगळेच प्रयोग करत असतात, त्यामुळं भंगार डेकही जिंकतो. दोन आठवडे थांबा. तोवर गोल्ड (गेममधली नाणी) पॅकमध्ये घाला. १०० गोल्डला एक पॅक, त्यात पाच कार्डं, किमान एक रेअर किंवा त्याहून भारी. नव्या सेटच्या पहिल्या १० पॅकांत एक लेजंडरी नक्की निघते, पुढं मात्र नशीब रुसलं तर ४० पॅकांपर्यंत वाट बघावी लागते. हातात गोल्ड थोडंच असेल तर पहिली लेजंडरी निघेपर्यंत एका सेटचे पॅक फोडायचे आणि मग थांबायचं, हा माझा हिशेब. एखाद्या सेटमधून तुम्हाला ढीगभर कॉमन-रेअर हवी असतील तर गोष्ट वेगळी.

मोठ्या कार्डांचा मोह

बहिणीच्या डेकात १ मनाची दोनच कार्डं होती आणि ७ मना किंवा त्यावरची आठ. "मोठी कार्डं भारी असतात की!" असतात. पण मना दर टर्नला एकच वाढतो. आठ मोठी कार्डं ठेवली की चौथ्या टर्नला निम्मा हात नुसता बघत बसायचा.

इथं थोडं गणित करतो, नको असेल तर पुढच्या भागाला जा. पहिला खेळणाऱ्याला सुरुवातीला तीन कार्डं येतात, नको ती बदलता येतात. डेकात १ मनाची चार कार्डं असतील आणि त्यांच्याच शोधात तिन्ही बदलली, तरी त्यातलं किमान एक सुरुवातीच्या हातात यायची शक्यता ६१ टक्क्यांच्या आसपास. तीच सहा ठेवली तर ७७. दोनच कार्डं वाढवून दर सहा डावांतला एक डाव सुधारतो, आणि त्या दोन कॉमनची किंमत ८० डस्ट. एवढ्या स्वस्तात दुसरी कुठली सुधारणा मिळत नाही.

याच कारणानं चांगलं कार्ड असेल तर त्याच्या दोन प्रती हव्यातच. एकेकच प्रत ठेवली तर चौथ्या टर्नपर्यंत सात कार्डांत ते दिसायची शक्यता २३ टक्के, दोन ठेवल्या तर ४२. "माझ्याकडं सगळ्याची एकेकच प्रत आहे, मग एकही कार्ड दुबार नसलेलाच डेक करू" असंही काहीजण म्हणतात. २०१५ साली रेनो जॅक्सन हे डेकात दुबार कार्ड नसेल तरच चालणारं कार्ड आलं तेव्हापासून त्या शैलीचं आकर्षण आहे. मोह टाळा. तसले डेक एकेका प्रतीचे असले तरी त्यातली कार्डं निवडक असतात आणि बरीचशी लेजंडरी असतात. त्यामुळं ते डेक फार महागात पडतात.

स्पर्धेतला डेक लॅडरवर

२०१८ च्या जकार्ता आशियाई क्रीडा स्पर्धेत हार्थस्टोन प्रात्यक्षिक खेळ म्हणून होता आणि तीर्थ मेहतानं भारतासाठी कांस्य आणलं. तेव्हा आमच्या ग्रुपवर स्पर्धेतले डेक उतरवायची लाटच आली होती. पण मोठ्या स्पर्धांत खेळाडू एकापेक्षा जास्त डेक घेऊन उतरतात आणि त्यातल्या एखाद्यावर समोरचा बंदी घालतो, त्या हिशेबानं ते बांधलेले असतात. समोरचा काय आणणार याचा अंदाज असतो. लॅडरवर (रोजच्या रँकच्या खेळात) कोण येईल सांगता येत नाही. शाहू स्टेडियमवर पेठेच्या टीमविरुद्ध आखलेला डाव गल्लीतल्या सिक्स-अ-साइडला चालत नाही, तसंच हे.

सारखं हरताय? मग हे तपासा

पाचव्या टर्नला हात रिकामा असेल तर कार्ड देणारी दोन-तीन कार्डं घाला, नाहीतर वॉरलॉककडं वळा. तिसऱ्या टर्नपर्यंत बोर्डवर काहीच नसेल तर कर्व्ह (लहान-मोठ्या कार्डांचं प्रमाण) बिघडलाय, वरची मोठी कार्डं काढा.

समोरचा दरवेळी ३-४ हेल्थवर वाचत असेल तर बहुतेकदा डेक ठीक असतो, तुम्ही चुकताय. आक्रमक डेक खेळताना समोरच्याचा प्रत्येक मिनियन मारायची खोड नडते. सहाव्या टर्ननंतर आधी हातातल्या डॅमेजची बेरीज करायची, मग मिनियनकडं बघायचं. मेज क्लासच्या फायरबॉल कार्डाचे ६ आणि बोर्डवरचे ५ मिळून ११ होत असतील आणि समोर १० असेल तर विषय संपला. बहिणीचे दोन डाव मी बघता बघता असेच गेले. जिंकलेला डाव तिनं दिसला नाही म्हणून सोडला.

आणि चार डाव हरलो म्हणून डेक बदलू नका. निम्मे डाव जिंकणाऱ्या डेकालाही कुठलेही चार डाव सलग हरायची शक्यता सोळात एक असते. वीस डावांत सहा जिंकले काय किंवा चौदा जिंकले काय, दोन्ही त्याच डेकाकडून होऊ शकतं. किमान पन्नास खेळा, तोवर एका वेळी दोनच कार्डं बदला. सहा बदलली तर कशानं फरक पडला ते कळणार कसं?

गगनबावड्याच्या गाडीत बसून रँक खेळणाऱ्यांना मी काही सांगू शकत नाही. घाटात रेंज जाते, टर्नला ७५ सेकंदच असतात, स्क्रीनवरचा वेळेचा दोर जळून जातो.

दुसरे गेम खेळणाऱ्यांसाठी एवढंच: मॅजिक अरीनात डस्ट नाही, वाइल्डकार्ड (हवं ते कार्ड देणारी) असतात, आणि रेअरची वाइल्डकार्ड सगळ्यात आधी संपतात. ती एकाच डेकासाठी राखून ठेवा. मार्व्हल स्नॅपचा डेक १२ कार्डांचा, तिथं कार्ड मोडायचा प्रकारच नाही.

त्या संध्याकाळी बहिणीचा कंट्रोल डेक बाजूला ठेवला आणि हंटर बांधला. फक्त ७६० डस्ट लागली, बाकी कार्डं तिच्याकडं पडूनच होती. पहिले तीन डाव हरली, माझ्याकडं रागानं बघितलं, भेळेचा कागद माझ्याच हातात दिला. जानेवारीत प्लॅटिनम रँकला पोचली.

परवा रात्री तिचा फोटो आला. पॅकमधून प्रीस्टची लेजंडरी निघालेली, खाली तीन शब्द: "दादा, मोडू काय?"

मी लिहिलं, "हात लावू नको. पॅच येऊ दे."