पावसाळ्यात खुराडं बंद करू नका: मुंबईत कोंबड्या आणि घरचे प्राणी सांभाळताना या चुका टाळा

कोंबड्यांबद्दल मिळणारा बराचसा सल्ला घाटावरचा असतो. तिथे हवा कोरडी आणि आवार मोठं. उत्तन-गोराईच्या वाडीत, गावठाणातल्या घरामागच्या दहा फुटांत किंवा आरेच्या पाड्यावर तोच सल्ला जसाच्या तसा वापरला, तर पहिल्या पावसाळ्यातच पक्षी दगावतात. मुंबईत कोंबडीला थंडी मारत नाही, ओल मारते. हे एकदा ध्यानात घेतलं की खुराड्यापासून खाद्यापर्यंत बरेच निर्णय आपोआप बदलतात.

टोपलीतली रंगीत पिल्लं

स्टेशनबाहेर गुलाबी, हिरवी, निळी पिल्लं दिसतात आणि मूल हट्ट धरतं. ही पिल्लं बहुतेक अंड्याच्या जातीचे नर असतात. हॅचरीत पहिल्याच दिवशी मादी पिल्लं वेगळी काढतात आणि उरलेले नर रंगवून विकले जातात. ही पिल्लं अंडी कधीच देणार नाहीत. रंगाच्या पाण्यात भिजून, उन्हात फिरून ती घरी येतात तेव्हा आधीच अर्धमेली झालेली असतात. घेतलंच असेल तर पहिले चार तास खाऊ घालायची घाई करू नका. आधी ऊब द्या, मग साखर घातलेलं कोमट पाणी द्या आणि त्यानंतर चिक स्टार्टर, म्हणजे पिल्लांचं तयार खाद्य.

पिल्लाला पहिल्या आठवड्यात ३२ ते ३५ अंश तापमान लागतं, पुढे दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी. मे महिन्यात दिवसा दिव्याची गरजच नसते, पण जुलैच्या रात्री ६० वॅटचा बल्ब हवाच. थर्मामीटरपेक्षा पिल्लांकडे बघा. बल्बखाली एकमेकांवर चढून चिवचिवत असतील तर त्यांना थंडी वाजते आहे. चोची उघड्या टाकून कडेला सरकली असतील तर बल्ब वर घ्या. खोक्यात नुसतं वर्तमानपत्र घालू नका. गुळगुळीत कागदावर पाय फाकतात आणि ते तसेच राहतात. कागदावर जुनं सुती कापड किंवा तूस पसरा. पाण्याच्या भांड्यात गोटे टाका, कारण पिल्लू दीड इंच पाण्यातही बुडतं.

कायमच्या कोंबड्या हव्या असतील तर गिरिराज, वनराज, ग्रामप्रिया या सुधारित जातींच्या किंवा चांगल्या गावठी तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या माद्या घ्या, शक्यतो लसीकरण झालेल्या दोन-तीन महिन्यांच्या. अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही, तो फक्त पिल्लांसाठी लागतो. गावठाणात भिंतीला भिंत लागून घरं असतात आणि कोंबडा पहाटे चारपासून आरवतो. पाच-सहा आठवड्यांत एखाद्या पिल्लाचा तुरा इतरांपेक्षा मोठा आणि लालबुंद झाला तर तो नर समजा. त्याचं काय करायचं हे घरात आधीच बोलून ठेवा. मुलांनी त्याला नाव ठेवल्यावर ते बोलणं फार अवघड होतं.

पाऊस लागला म्हणून चारही बाजूंनी ताडपत्री

सगळ्यात महाग पडणारी चूक ही, आणि ती मायेपोटीच होते. पहिली सर आली की लोक खुराड्याला चारही बाजूंनी प्लास्टिक गुंडाळतात. आत पक्ष्यांचा श्वास, विष्ठा आणि ओलं तूस असतं. विष्ठेतलं युरिक आम्ल ओलीत कुजून अमोनिया तयार होतो, तो डोळ्यांना आणि श्वासनलिकेला जाळतो, आणि मग सर्दी-घरघर सुरू होते. त्यावर अँटिबायोटिक दिलं तर चार दिवस बरं वाटतं आणि पुन्हा तेच, कारण मूळ हवेत असतं.

परीक्षा सोपी आहे. सकाळी दार उघडायच्या आधी उकिडवे बसा आणि कोंबडीच्या डोक्याच्या उंचीवर नाक न्या. उभ्याने वास येत नाही, तो खालीच साचलेला असतो. डोळे चुरचुरले तर हवा पुरत नाही. मग तूस मुठीत घट्ट दाबा आणि मूठ उघडा. गोळा तसाच राहिला तर तूस जास्त ओलं. उघडल्याबरोबर भुरभुरलं तर बरोबर.

इथलं खुराडं असं असावं. जमिनीपासून दीड-दोन फूट उंच, विटांच्या किंवा लोखंडी पायांवर. आत दर कोंबडीला ४ चौरस फूट, बाहेर फिरायला ८ ते १०. पावसाचा मारा नैऋत्येकडून येतो, म्हणून ताडपत्री फक्त त्या बाजूला, आणि तीही छपरापर्यंत नाही. छपराखाली चारही बाजूंना वीतभर जाळी उघडी राहू द्या. गरम, दमट हवा वर चढते आणि तिथूनच बाहेर पडते. नैऋत्येला पत्रा दोन फूट पुढे काढला की पागोळ्या आत येत नाहीत. तोच पत्रा मे महिन्यात तव्यासारखा तापतो, तेव्हा त्यावर नारळाच्या झावळ्या किंवा ओली गोणपाटं टाका.

खाली तीन इंच भाताचं तूस घाला. पावसाळ्यात ते रोज फावड्याने खालीवर करा आणि पाण्याच्या भांड्याभोवतीचं ओलं तूस रोज काढून टाका. भांडं विटेवर, कोंबडीच्या पाठीच्या उंचीला ठेवलं तर सांडणं निम्मं होतं. झोपायची दांडी दोन इंच रुंद आणि चपटी हवी, दर पक्ष्याला ८ ते १० इंच जागा. गोल, बारीक काठीवर उड्या मारून तळव्याला इजा होते आणि त्यात पू भरतो.

विष्ठेत रक्त, आणि सोबत दिलेलं टॉनिक

रक्ती हगवण ही मुंबईच्या पावसाळ्यातली नेहमीची गोष्ट. तीन ते आठ आठवड्यांची पिल्लं पिसं फुलवून, मान आत घेऊन कोपऱ्यात उभी राहतात आणि विष्ठेत रक्त दिसतं. कॉक्सिडिया या परजीवीची अंडी उबदार ओल्या तुसात एक-दोन दिवसांत संसर्गक्षम होतात. म्हणून तूस न बदलता दिलेलं औषध निम्मंच काम करतं.

औषध सहसा ॲम्प्रोलियम. २० टक्के पावडर असेल तर उपचाराचं प्रमाण साधारण १.२ ग्रॅम प्रति लिटर पाणी, तीन ते पाच दिवस, पुढे कमी प्रमाणात. पाकिटावरची टक्केवारी आधी वाचा, ती वेगवेगळी असते, आणि डोस पशुवैद्यांकडून पक्का करून घ्या. इथे हमखास होणारी चूक म्हणजे पिल्लू अशक्त झालं म्हणून त्याच पाण्यात बी-कॉम्प्लेक्स घालणं. ॲम्प्रोलियम परजीवीला थायमिन, म्हणजे बी-१ मिळू देत नाही, म्हणूनच तो मरतो. तुम्ही बी-१ घातलं की औषधाचा असर जातो. जीवनसत्त्वं द्या, पण औषध संपल्यावर.

नळाच्या पाण्यात लस

मानमोडी, म्हणजे राणीखेत, आली की औषध नाही. मान वळते, हिरवी हगवण लागते आणि कळप संपतो. बचाव फक्त लसीचा. राणीखेतची लासोटा लस पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात किंवा नाकात एक थेंब, गंबोरो या दुसऱ्या रोगाची लस साधारण चौदाव्या दिवशी, लासोटाचा दुसरा डोस चौथ्या आठवड्यात, कोंबड्यांच्या देवीची लस सहा ते आठ आठवड्यांत आणि आर-टू-बी ही राणीखेतचीच जास्त तीव्र लस आठव्या आठवड्यात टोचून. लासोटा न देता थेट आर-टू-बी देऊ नका, लहान पक्ष्यांना ती जड जाते.

महापालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतं आणि ते जिवंत लस मारून टाकतं. लस पाण्यातून द्यायची असेल तर उकळून गार केलेल्या पाण्यात लिटरला अडीच ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर विरघळवा, दहा मिनिटं थांबा, मग लस घाला आणि दोन तासांत संपवा. दुकानातून घरी आणताना बाटली बर्फाच्या थर्मासमध्ये हवी. लोकलच्या गर्दीत खिशातून आणलेली लस म्हणजे नुसतं पाणी. बाटली बहुतेक १०० डोसांची येते आणि उघडल्यावर टिकत नाही, म्हणून शेजारच्या चार घरांनी एकच दिवस ठरवावा.

षटकोनी जाळी

ती कोंबडीला आत ठेवते, पण शिकाऱ्याला बाहेर ठेवत नाही. मुंगूस, घूस, उदमांजर आणि अंडी-पिल्लांसाठी येणारा साप यांना रोखायचं तर अर्धा इंची वेल्डेड जाळी हवी. खालच्या कडेला ती एक फूट बाहेर वळवून मातीखाली गाडा. उकरणारा प्राणी भिंतीलगतच उकरतो आणि जाळीवर अडकतो. दाराची नुसती सरकती कडी मांजर पंजाने उघडतं, तेव्हा वर हुक लावा. बोरिवली नॅशनल पार्क आणि आरेच्या कडेला बिबट्याचा वावर आहे. तिथे राखणीला म्हणून कुत्रा रात्री बाहेर बांधू नका. बिबट्याला कोंबडीपेक्षा कुत्रा जास्त खुणावतो, आणि बांधलेल्या कुत्र्याला पळता येत नाही.

अंडी मऊ, अंडी बंद

एका कोंबडीला दिवसाला ११० ते १२० ग्रॅम लेअर खाद्य, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य लागतं. नुसता भात आणि भाकरीचे तुकडे घातले तर पोट भरतं, अंडं बनत नाही. पातळ कवचाचं कारण सहसा कॅल्शियम. कालवांची टरफलं धुऊन, भाजून, तूरडाळीएवढी भरडा आणि वेगळ्या वाटीत ठेवा. कोंबडी लागेल तेवढंच उचलते. हेच लेअर खाद्य पिल्लांना घातलं तर जादा कॅल्शियमने मूत्रपिंडं खराब होतात. घरात दोन्ही वयं असतील तर दोन भांडी आणि मधे जाळी, दुसरा उपाय नाही.

उन्हाळ्यात टरफलं देऊनही कवच पातळ येतं. कोंबडीला घाम येत नाही, ती धापा टाकते. धापांबरोबर रक्तातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कवचासाठी लागणारं कार्बोनेट कमी पडतं. अशा वेळी आणखी कॅल्शियम नको, गारवा हवा: माठातलं पाणी दिवसातून तीनदा, खाद्य पहाटे आणि संध्याकाळी.

डिसेंबरात अंडी कमी झाली की लोक जंतनाशक पाजतात. मुंबईत तेव्हा दिवस जेमतेम ११ तासांचा असतो, आणि भरघोस अंड्यांसाठी १४ तास उजेड लागतो. हवं तर पहाटे छोटा एलईडी लावा. संध्याकाळी लावू नका, कारण तो विझला की पक्षी दांडी न सापडता अंधारात धडपडतात. पिसं गळत असतील तर तो विश्रांतीचा काळ आहे, तिला तो घेऊ द्या.

खाद्य पावसाळ्यात पंधरा दिवसांपेक्षा जास्त भरू नका. झाकणाच्या पिंपात ठेवा. बुरशीचा वास आला तर उन्हात वाळवून वापरायचा मोह टाळा. बुरशी मरते, तिचं विष तसंच राहतं. खारवलेला मासाही नको, मीठ कोंबडीला सोसत नाही.

खुराड्याचा उपाय, मांजराला विष

मांजर आणि मोठी कोंबडी एकाच उन्हात अंग शेकत पडलेली दिसतात, आणि ते दृश्य पाहणाऱ्याचा दिवस चांगला जातो. मांजर फुग्यासारख्या पिल्लावर झडप घालेल, पण टोचणाऱ्या गावठी कोंबडीच्या वाटेला सहसा जात नाही. कुत्र्याला मात्र दोन आठवडे पट्ट्यावरच ओळख करून द्या. कोंबडी फडफडली की त्याची पाठलागाची सवय जागी होते.

खरा धोका आपण फवारतो त्याचा. उवा-गोचिडांसाठी खुराड्यात परमेथ्रिन हे कीटकनाशक मारतात. ते मांजराच्या शरीरात नीट मोडत नाही आणि तिला झटके येतात. फवारा सुकेपर्यंत मांजर घरात कोंडा. अंगाला लागलंच तर भांडी घासायच्या साबणाने धुऊन लगेच दवाखाना गाठा. फिनाइलने पुसलेल्या ओल्या फरशीवरून चालून मांजर पंजे चाटतं, तेही विषारी. डांबराच्या गोळ्या खुराड्यात टांगू नका, त्यांची वाफ पक्ष्यांनाही बाधते. तापासाठी माणसाची पॅरासिटामॉल मांजराला कधीच देऊ नका, अर्धी गोळीही जीव घेते.

रात्री उरलेलं खाद्य उचला, नाहीतर उंदीर येतात आणि त्यांच्या मुतातून लेप्टो. कुत्र्याला लेप्टोची लस दरवर्षी द्या, आणि साचलेल्या पाण्यात जखमी पायाने तुम्हीही जाऊ नका. उंदराला विष घालू नका. विष खाल्लेला सुस्त उंदीर आधी मांजराला किंवा कोंबडीलाच सापडतो. पिंजरा लावा.

पक्षी अचानक मेला तर

एक मेला तर कारण शोधा, दोन-तीन दिवसांत अनेक मेले तर तातडीने कळवा. भारतात बर्ड फ्लू पहिल्यांदा २००६ मध्ये नंदुरबारच्या नवापूरमध्ये आढळला, आणि २०२१ मध्ये राज्यात पुन्हा आला. आवारात मेलेला कावळा दिसला तरी हात लावू नका. पशुसंवर्धन विभागाचा १९६२ हा टोल-फ्री क्रमांक आहे.

पाळीव प्राण्यांचे बरेच दवाखाने फक्त कुत्री-मांजरं बघतात, म्हणून पक्षी तपासणारे डॉक्टर आजारपणाआधीच शोधून ठेवा. परळला मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय आहे. शवविच्छेदनासाठी नेताना हातमोजे घाला, मृत पक्षी दोन प्लास्टिक पिशव्यांत बांधा आणि खाद्यपदार्थांपासून दूर, बर्फाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी पोचवा. फ्रीजरमध्ये ठेवू नका, गोठल्यावर आतल्या पेशी फुटतात आणि तपासणी नीट होत नाही. तपासणी करायची नसेल तर तीन फूट खड्ड्यात चुना टाकून पुरा. कचऱ्याच्या डब्यात टाकलेला पक्षी रात्रीत कुत्रा, मांजर नाहीतर कावळा ओढून नेतो, आणि आजार शेजारच्या आवारात पोचतो.