रातांबा पिकला का, हे सगळ्यांनाच दिसत नाही

मे महिन्यात भाचा आमच्याकडे राजापूरला येतो. दोन वर्षांमागे त्याला रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, काढायला झाडावर चढवला. टोपली खाली आली तर निम्मे हिरवे! कच्च्याची सालं आमसुलाला काय रंग देणार? मी चार शिव्या हासडल्या. मग हातभर अंतरावरचा एक दाखवून म्हटलं, "तो लाल बघ, तो तोड." तर म्हणतो, "मामा, कुठचा?" पानांत त्याला तो वेगळा दिसतच नव्हता. लाल-हिरव्यातला फरक न कळणं, म्हणजे रंगांधळेपणा.

घरात असं कोणी आहे का, हे बघायचं तर "हा कुठला रंग?" असं विचारू नका. पान हिरवं, टोमॅटो लाल हे पोरं ऐकून ऐकून पाठ करतात. त्यापेक्षा सुपात सारख्या आकाराचे कच्चे-पिके रातांबे मिसळा आणि हात न लावता पिके दाखवायला सांगा. हे ओटीवर, दिवसाउजेडी करायचं. पिवळ्या बल्बखाली मीही चुकतो. शंका आली की डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. ठिपक्यांत लपलेले आकडे ओळखायची इशिहारा तपासणी 1917 पासून चालत आली आहे, पाच मिनिटांचं काम.

आमचे आबा, म्हणजे माझे वडील, प्रत्येक रातांबा दाबून मगच टोपलीत टाकायचे. आम्ही म्हणायचो, म्हातारा चिकित्सक. आता उमगतंय. हा दोष एक्स गुणसूत्रावर असतो. मुलाला बापाकडून वाय मिळतो, म्हणून मी सुटलो. बहिणीला आबांचा एक्स मिळाला. तिचा दुसरा एक्स चांगला, म्हणून तिला नीट दिसतं, पण तिच्या मुलाकडे नेमका आबांचा गेला. तेव्हा आजोबा असे असतील तर मुलीच्या मुलांना आधी तपासा.

कामाला लावताना रंग सोडून दुसरी खूण द्या. रातांबा अंगठ्याने दाबायचा, पिका दबतो. हापूसचे देठाजवळचे खांदे वर आले का बघायचं. तयार आंबा पाण्यात बुडतो, कोवळा तरंगतो. पेट्यांना रंगीत फिती नकोत, सुतळीच्या गाठी मारा: एक गाठ, दोन गाठी. "लाल पिशवी आण" म्हणू नका, "खुंटीवरची आण" म्हणा.

बोटीवर जायचं म्हणणाऱ्या पोरांची तपासणी मात्र फी भरायच्या आधी करा. रात्री जहाजाच्या डाव्या बाजूला लाल दिवा, उजव्या बाजूला हिरवा. त्यावरून ते कुठल्या दिशेला चाललंय ते ओळखतात. डेकवरच्या नोकरीला ही तपासणी चुकत नाही. आमच्या वाडीतल्या एकाचे पैसे असेच पाण्यात गेले.

जाहिरातीतल्या चष्म्याने हे बरं होत नाही. रंगांतला फरक थोडा उठून दिसतो, तोही सगळ्यांना नाही.

यंदा भाच्याची टोपली मी ओतून बघितली. एकच कच्चा निघाला, तो मीच हळूच टाकलेला.