न्यू जर्सीत नवीन आलेल्या हॅम (हौशी रेडिओ) मंडळींसाठी: डीएमआरवर ग्रुप कॉल कसा करायचा

इथे येऊन सेटल झालं, हातात डीएमआरचा, म्हणजे डिजिटल रेडिओचा हँडी (हातातला सेट) आला, नेटवरून कुणाचा तरी कोडप्लग (सेटच्या सगळ्या सेटिंग्जची फाइल) उतरवून भरला आणि आता दोन आठवडे हाका मारतोय पण कोणी ओ देत नाही, असं मला दर वर्षी दोन-चार जण तरी सांगतात. सेट बिघडलेला नसतो हो. माझंही पहिल्या वर्षी हेच झालं होतं, तेव्हा कोणी मराठीतून समजावलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून लिहितोय.

आधी लायसन्स. भारतातलं व्हीयू टू किंवा व्हीयू थ्री लायसन्स असलं तरी इथे राहायचंय तर टेक्निशियनची (इथल्या पहिल्या पायरीच्या लायसन्सची) परीक्षा देऊन टाका. सिटिझन असावं लागत नाही, फक्त अमेरिकेतला टपालाचा पत्ता लागतो. 35 प्रश्न, 26 बरोबर आले की पास, एफसीसीची (लायसन्स देणाऱ्या सरकारी संस्थेची) फी 35 डॉलर, लायसन्स 10 वर्षं चालतं. कॉलसाइन (रेडिओवरची तुमची अधिकृत ओळख) आला की त्यावर सात आकडी डीएमआर आयडी फुकट मिळतो, तो सेटमध्ये भरा. दुसऱ्याचा आयडी उसना घेऊन बोलू नका, समोरच्याच्या स्क्रीनवर त्याचंच नाव दिसतं.

आता मुख्य गोष्ट. रिपीटर म्हणजे आपला सिग्नल पकडून पुढे लांबवर पाठवणारं केंद्र. जुन्या अ‍ॅनालॉग रिपीटरवर फ्रिक्वेन्सी आणि टोन (रिपीटर उघडणारा ठरलेला सूर) जुळला की काम झालं. डीएमआरवर चार गोष्टी जुळाव्या लागतात: फ्रिक्वेन्सी, कलर कोड (रिपीटरचा ठरलेला आकडा, 0 ते 15 मधला एक), टाइम स्लॉट आणि टॉकग्रुप (ठरलेल्या नंबरावर एकत्र बोलणाऱ्यांचा गट). एकाच 12.5 किलोहर्ट्झच्या चॅनेलवर 30-30 मिलिसेकंदांचे दोन स्लॉट आळीपाळीने चालतात, म्हणजे एका रिपीटरवर एकाच वेळी दोन वेगळ्या गप्पा होऊ शकतात. तुम्ही स्लॉट एकवर आणि मित्र स्लॉट दोनवर असेल तर शेजारी बसूनही एकमेकांना ऐकू येणार नाही.

आणि टॉकग्रुप कॉन्टॅक्टमध्ये भरताना प्रकार 'ग्रुप कॉल' हवा. माझी चूक इथेच होती. नंबर बरोबर, पण प्रकार प्रायव्हेट कॉल (एकालाच जाणारा) राहिला होता, मग ग्रुपला ऐकू कसं जाणार. दुसरी नेहमीची चूक ऐकण्याच्या बाजूची, म्हणजे रिसीव्ह ग्रुप लिस्टमध्ये तो टॉकग्रुप टाकायचाच राहतो, लोक उत्तर देत असतात आणि तुमचा सेट गप्प. बऱ्याच सेटमध्ये डिजिटल मॉनिटर असतो, तो चालू केला की स्लॉटवर जे चाललंय ते सगळं ऐकू येतं, दोष शोधायला फार उपयोगी. आपला आवाज तपासायचा तर ब्रँडमायस्टरवर (रिपीटर इंटरनेटने जोडणारं जगभरचं नेटवर्क) 9990 ला प्रायव्हेट कॉल करा, तो पॅरट आहे, बोललेलं परत ऐकवतो. हा मात्र खरंच प्रायव्हेटच ठेवायचा.

कुठला टॉकग्रुप घ्यायचा हा खरा समजूतदारपणाचा भाग. ब्रँडमायस्टरवर 91 म्हणजे जगभर, 3100 म्हणजे अख्खी अमेरिका, 3134 म्हणजे न्यू जर्सी. तुम्ही 91 वर पीटीटी (बोलायचं बटण) दाबलं की जिथे जिथे तो ग्रुप लावलेला आहे ते सगळे रिपीटर एकदम उठतात आणि त्या प्रत्येकाचा तो स्लॉट तुमच्यासाठी अडतो. एडिसनहून पार्सिपनीच्या मित्राला 'घरी पोचलास का' विचारायला 91 वापरायचा नाही. मोठ्या ग्रुपवर हाक मारा, माणूस भेटला की दोघं लहान ग्रुपवर सरका. आणि जर्सीतले सगळे रिपीटर एकाच नेटवर्कवर नाहीत, नंबर आणि स्लॉट बदलतात, म्हणून रिपीटर चालवणाऱ्यांनी दिलेली यादीच धरा. तो रिपीटर कोणीतरी खिशातले पैसे घालून चालवतंय हे लक्षात असू द्या.

पीटीटी दाबल्यावर एक सेकंद थांबून मग बोला, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. दोघांच्या बोलण्यात दोन-तीन सेकंद मोकळे सोडा, नवीन माणसाला शिरायला जागा मिळते. बोलणं मराठीत चालतं, बिनधास्त बोला, पण कॉलसाइन इंग्रजीतच सांगायचा, दर 10 मिनिटांनी आणि शेवटी. सेटमध्ये एन्क्रिप्शनची सोय दिसली तर तिला हात लावू नका, हॅम बँडवर ते चालत नाही, धंद्याचं बोलणंही नाही.

भारतातल्यांशी बोलायचं तर 404, पण तो गावच्या रिपीटरवर ओढून आणू नका, घरी छोटा हॉटस्पॉट (इंटरनेटला जोडलेला आपल्यापुरता रिपीटरसारखा डबा) लावा, त्यावर तुमच्याशिवाय कोणाचाच खोळंबा होत नाही. उन्हाळ्यात इथे रात्रीचे नऊ म्हणजे तिकडे सकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. जेवणं आटोपली की लावा, आधी पाच मिनिटं नुसतं ऐका आणि मग हाक द्या.