टॉन्सिलमधले खडे आणि तोंडाचा वास

खोकताना किंवा खाकरताना पांढरट-पिवळा कण बाहेर आला, चिरडल्यावर कुजका वास आला, तर तो बहुधा टॉन्सिलचा खडा. टॉन्सिलवरच्या बारीक खळग्यांत अन्नकण आणि मृत पेशी साचतात. तिथे हवा पोचत नाही, म्हणून त्यांवर वाढणारे जंतू गंधकयुक्त वायू सोडतात. वरवर ब्रश करून हा वास जात नाही, तो यामुळेच.

आधी गुळण्या. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालायचं, मान मागे टाकून घशात खळखळ आवाज येईपर्यंत ३० सेकंद धरायचं. जेवणानंतर रोज. एवढ्याने सैल खडे सुटतात.

खडा दिसतोय पण निघत नाही? आरशासमोर, उजेडात, ओल्या कापूसकाडीने खड्यावर नव्हे, त्याच्या खालच्या बाजूला हलकेच दाबा. तो वर सरकतो. उमासे येत असतील तर थांबा. सुई काढलेल्या सिरिंजने कोमट पाण्याची मंद धारही चालते. टाचणी, केसांची पिन, टूथपिक मात्र अजिबात नको: टॉन्सिलला रक्तपुरवठा भरपूर असतो, रक्त पटकन थांबत नाही.

आणि सगळं खापर टॉन्सिलवर फोडू नका. वास बहुतेकदा जिभेच्या मागच्या भागातून आणि हिरड्यांतून येतो. जीभ मागून पुढे खरवडा, दातांच्या फटींत धागा फिरवा, पाणी प्या. अल्कोहोलवाल्या माउथवॉशने तोंड आणखी कोरडं पडू शकतं.

एकच टॉन्सिल मोठा दिसला, रक्त आलं, गिळताना किंवा कानात सतत दुखलं, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा.