जलरंगात नाताळचं रीथ रंगवताना
नाताळच्या शुभेच्छापत्रावर रीथ, म्हणजे पानाफळांचं गोल कडं, रंगवायचं असेल तर कागद जाड, ३०० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) घ्या. पातळ कागद ओला झाला की फुगतो. वाटी उपडी ठेवून पेन्सिलने गोल काढा आणि खोडरबराने जेमतेम दिसेल इतका फिका करा. रंगाखाली गेलेली पेन्सिल नंतर नीट खोडता येत नाही.

पान म्हणजे ब्रशचा एकच दाब. ६ नंबरच्या गोल ब्रशचं टोक टेकवा, पोट दाबा, ओढत ओढत उचला. पानं एकाच दिशेने वळलेली, पण काही गोलाच्या आत, काही बाहेर डोकावणारी असू द्या; काटेकोर वर्तुळ निर्जीव दिसतं. सॅप ग्रीन या पानासारख्या हिरव्या रंगात कणभर बर्न्ट सिएना, म्हणजे तांबूस तपकिरी रंग, मिसळा, दर दोन-तीन पानांनी पाणी कमीजास्त करा.

घाई नडते ती लाल फळांपाशी. हिरवा ओला असताना लाल टेकला की दोन्ही मिळून मातकट होतात. कागदाला हाताची मागची बाजू लावून पाहा. गार लागला तर तो अजून ओला आहे. सुकल्यावरच फळं भरा आणि प्रत्येकात मोहरीएवढा पांढरा कागद सोडा. तो ठिपका मला फार आवडतो, तेवढ्यानेच फळ टपोरं दिसतं.