सायकॉलॉजी हे काय सायन्स आहे का, असं कोणी विचारलं तर काय करायचं

लग्नात, ट्रेनमध्ये, सोसायटीच्या जिन्यात, कुठेही सांगा की मी सायकॉलॉजी केलंय, पहिला प्रश्न ठरलेला, मग सांग बरं माझ्या मनात आत्ता काय चाललंय? त्यानंतर, म्हणजे वेड्यांच्या डॉक्टर का तुम्ही? आणि घरात कोणी इंजिनिअर काका असले की, हे काय सायन्स आहे का, आर्ट्सला असतं ना ते. मी बरीच वर्षं हा विषय शिकवतेय, सुरुवातीला प्रत्येक वेळी भांडायचे, 1879 ला जर्मनीत लाइपझिगमध्ये वुंटने सायकॉलॉजीची प्रयोगशाळा काढली, कलकत्ता युनिव्हर्सिटीत 1916 ला डिपार्टमेंट सुरू झालं, सगळं ऐकवायचे, आणि समोरचा हो हो करत जेवायला उठायचा. आता भांडत नाही, करून दाखवते. यंदा नव्याने विषय घेतलेल्या मुलांसाठी लिहितेय.

मनातलं ओळख म्हटलं की कागद आणि स्केचपेन मागा. एका कागदावर लाल, हिरव्या, निळ्या, काळ्या रंगाचे वीस ठिपके काढा, दुसऱ्यावर वीस शब्द लिहा पण चुकीच्या रंगात, म्हणजे "लाल" हा शब्द हिरव्या पेनाने, "निळा" हा लाल पेनाने. आता मोबाइलवर स्टॉपवॉच लावून सांगा की शब्द वाचायचा नाही, फक्त शाईचा रंग बोलायचा. ठिपके सगळे पटापट सांगतात, दुसऱ्या कागदावर तिसऱ्या-चौथ्या शब्दालाच जीभ अडकते. 1935 मध्ये स्ट्रूप या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने हे केलं तेव्हा शंभर चौकोनांचे रंग सांगायला सरासरी 63 सेकंद लागले आणि शब्द आडवे आल्यावर 110. माझी मावशी चिडून म्हणाली, अगं वाचायचं नाही असं ठरवलं तरी वाचलंच जातंय! हेच तर सांगायचं होतं, वाचनाची इतकी सवय झालेली असते की ते आपल्याला विचारून होत नाही.

पण इथे थांबू नका, खरी गंमत पुढे आहे. मावशीची नात तेव्हा बालवाडीत होती, रंग ओळखायची पण वाचता येत नव्हतं. तिला बोलावण्याआधीच मी सगळ्यांना सांगून ठेवलं की ही अडखळणार नाही. आणि ती तोच कागद हिरवा, लाल, काळा करत सरळ म्हणत गेली. आधी सांगायचं काय होणार, मग तपासायचं, चुकलो तर सगळ्यांसमोर दिसलं पाहिजे. सायन्स म्हणजे काय याचं यापेक्षा सोपं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

मग कोणीतरी म्हणणारच, हे तर आमच्या आजीला पण माहीत होतं. यासाठी लाझार्सफेल्ड या समाजशास्त्रज्ञाने 1949 मध्ये वापरलेली युक्ती वापरा. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन सैनिकांचा मोठा अभ्यास झाला होता, त्यातले निष्कर्ष म्हणून सांगा की जास्त शिकलेल्या सैनिकांना मानसिक त्रास जास्त झाला, आणि दक्षिणेकडच्या सैनिकांना गरम बेटांवरचा उकाडा उत्तरेकडच्यांपेक्षा चांगला सोसला. सगळे माना डोलावतात, साहजिकच आहे, शिकलेला माणूस जास्त विचार करतो वगैरे कारणंही देतात. ती पूर्ण देऊ द्या, मध्ये बोलू नका. नंतर सांगा की प्रत्यक्षात त्रास कमी शिकलेल्यांना जास्त झाला होता, आणि उकाडा सोसण्यात दक्षिणेकडचे काही वरचढ नव्हते. आजी शहाणीच असते, पण आपल्याकडे "सहवासाने प्रेम वाढतं" पण आहे आणि "अतिपरिचयात अवज्ञा" पण आहे, दोन्ही खरं वाटतं, कुठे कुठलं लागू होतं ते मोजल्याशिवाय कसं कळणार?

आता काका. काकांशी बोलताना माझा एकच नियम, आपली कमजोर बाजू आपणच आधी सांगायची. 2015 मध्ये मानसशास्त्रातले 100 प्रयोग परत करून बघितले, मूळच्या 97 टक्के प्रयोगांत ठोस निकाल होता, परत केल्यावर फक्त 36 टक्क्यांत आला. हे लपवू नका, वाईटच होतं ते. पण हेही सांगा की ही तपासणी मानसशास्त्रज्ञांनी स्वतः होऊन केली आणि जगासमोर छापली. आणि हा रोग एकट्या आपल्या विषयाचा नाही, 2012 मध्ये ॲमजेन या औषध कंपनीच्या संशोधकांनी लिहिलं की कॅन्सरवरचे 53 गाजलेले अभ्यास परत करून बघितले तर 6 मध्येच तसा निकाल आला. आता बरेच जण प्रयोग करायच्या आधीच काय तपासणार आणि कसं मोजणार ते लिहून जाहीर करतात, म्हणजे नंतर निकाल बघून गोलपोस्ट हलवता येत नाही. माझे काका हे ऐकून पहिल्यांदा गप्प बसले आणि मग सॅम्पल किती माणसांचं होतं ते विचारायला लागले. असा प्रश्न आला की समजा गाडी रुळावर आली.

एका गोष्टीवर मात्र गप्प बसू नका. बोटांचे ठसे घेऊन मुलाची बुद्धी आणि करिअर सांगणारी ती डीएमआयटी, सायकॉलॉजीच्या नावाखाली हजारो रुपये घेऊन विकतात, तिला काहीही वैज्ञानिक आधार नाही. आमच्या ओळखीतल्या एका घरात तो रंगीत रिपोर्ट बघून मुलीला सायन्सला घातलं नाही, तिला हवं होतं तरी. लोकांचा विश्वास उडतो तो अशाने, आणि आपण सांगितलं नाही तर कोण सांगणार?

वेड्यांचे डॉक्टर या प्रश्नावर चिडू नका, विचारणाऱ्याला बऱ्याचदा स्वतःच्या घरचं कोणीतरी आठवत असतं. साधं सांगा, सायकिॲट्रिस्ट म्हणजे एमबीबीएस करून पुढे मनोविकारात एमडी वगैरे झालेला डॉक्टर, गोळ्या तोच देणार. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची आरसीआयकडे, म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे, नोंदणी लागते, तो नंबर बिनधास्त विचारायचा. आणि तुम्ही अजून स्टुडंट असाल तर तेही स्पष्ट सांगा, लग्नाच्या पंगतीत कोणाचं निदान करू नका. मला चार तासांनी, सगळे गेल्यावर, हळूच बाजूला घेऊन विचारणारे खूप भेटलेत, झोप येत नाही गं, कोणाला दाखवू? तेव्हा फक्त ऐका, आणि टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर त्यांच्या मोबाइलमध्ये सेव्ह करून द्या, 14416, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.