दात मुळासकट पडला तर आधी दात शोधा, हळद नको

गावाकडं दात पडायच्या जागा ठरलेल्याच आहेत. हापशीचा दांडा उसळून तोंडावर बसते, कबड्डीत कोणाचं डोकं लागते, पोळ्याच्या गर्दीत बैल मान झटकते, नाहीतर रात्री मोटरसायकल गड्ड्यात जाते. मग सगळे रक्त पाहून घाबरतात, कोणी पाणी मारते, कोणी हळद दाबते, कोणी पोट्ट्यालाच रागावते, अन् दात मात्र तिथंच मातीत पडून राहते. अन् पक्का दात असला तर तो परत बसवता येते, फक्त वेळ कमी असते.

आधी एक पाहून घ्या, डोक्याला मार लागला का, बेशुद्ध झाला का, उलट्या करून राहिला का, जबडा वाकडा दिसते का. असं काही असलं तर दाताचं सोडा, १०८ ला फोन लावा. शुद्धीवर आहे, बोलून राहिला आहे, तर मग दात शोधायला लागा.

दात सापडला की वरचा पांढरा भाग धरून उचला, जो हसताना दिसते तोच. मुळाला बोट लावू नका, पुसू नका, माती खरवडू नका. काऊन की मुळावर एक पातळ जिवंत पापुद्रा असते अन् दात हाडाला धरून ठेवायचं काम त्याचंच आहे. रोवणीचं रोप बांधावर उन्हात वाळलं तर मग लागत नाही ना, तसंच याचं. उघड्यावर कोरडा राहिला तर अर्धा-एक तासात तो पापुद्रा मरते. पंधरा मिनिटांच्या आत परत जागेवर गेला तर सगळ्यात चांगलं. माती लागली असली तर दुधानं किंवा सलाईनच्या पाण्यानं हलकं धुवा, ते नसलं तर गार पाण्याखाली दहा सेकंद, बस. साबण, डेटॉल, राख, मीठ काहीच नको.

आता तो दुधाचा दात आहे की पक्का हे पाहा. लेकरू सहा वर्षाच्या आतलं असलं तर पुढचा दात बहुतेक दुधाचाच, तो परत बसवायचा नाही, कारण खाली तयार होणाऱ्या पक्क्या दाताला इजा होते. तो खुशाल कौलावर फेका, पण लेकराला डॉक्टरला दाखवा, एखादा तुकडा आत राहिला का ते कळते. सात-आठ वर्षाच्या पोरांचा घोळ होते, तोंडात दोन्ही प्रकारचे दात असतात. पक्का दात मोठा असते अन् नवा असला तर त्याची धार करवतीसारखी बारीक दातेरी असते. समजलंच नाही तर तुम्ही स्वतः बसवू नका, दुधात टाकून न्या.

पक्का आहे, माणूस शुद्धीवर आहे, तर जागेवरच बसवायचा प्रयत्न करा. ऐकून अंगावर काटा येते मान्य आहे, पण बसवल्यावर दुखणं काही फार वाढत नाही. एक चूळ भरायला सांगा, दाताची फुगीर बाजू ओठाकडं ठेवा, हळूच खोबणीत दाबा, शेजारच्या दाताच्या बरोबरीला आला की स्वच्छ रुमाल नाहीतर दुपट्ट्याची घडी दातात धरून चावून ठेवायला सांगा. सहज गेला तर गेला, जोर लावून ठोकायचा नाही. हृदयाचा मोठा आजार असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असलेल्या माणसाला मात्र घरी बसवू नका.

हिंमत नाही झाली तर दूध. पाकिटातलं असलं तर उत्तम, चहाच्या टपरीवर तरी भेटतेच, नाहीतर घरचं तापवून गार केलेलं. गरम नको, साखर घातलेलं नको, ताक-दही तर बिलकुल नको. दात पूर्ण बुडेल अशा डब्बीत ठेवा. दूधच नसलं तर जखमी माणसाला वाटीत थुंकायला सांगा अन् त्या थुंकीत दात ठेवा, किळसवाणं वाटते पण कागदात गुंडाळून खिशात ठेवण्यापेक्षा हजारपट बरं. साधं पाणी शेवटचा पर्याय, तरी कोरडं ठेवण्यापेक्षा चालते. लहान लेकराच्या तोंडात दात ठेवून नेऊ नका, गिळून टाकते.

रक्त येत असलं तर स्वच्छ कापड दहा मिनिटं दाबून धरा, मधीमधी काढून पाहू नका, बाहेरून गालावर थंड ठेवा. हळद, खोबरेल, तंबाखूची चिमूट काही भरू नका.

मग निघा. ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात दाताचे डॉक्टर असतात का, केव्हा असतात हे निघण्याआधीच फोन करून विचारा, नाहीतर तिथं जाऊन सोमवारी या असं ऐकायला भेटते अन् तास जाते. मोठं ठिकाण पाहिजे तर नागपूरला मेडिकल कॉलेजच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे, वर्ध्याजवळ सावंगी मेघेला दंत महाविद्यालय आहे, अमरावतीलाही आहे. पण मेळघाटातल्या धारणी-हरिसालवाल्याला परतवाड्याला यायलाच घाट उतरावा लागते, गडचिरोलीतल्या भामरागडचं तर विचारूच नका, म्हणून म्हणतो की दात जागेवर बसवणं किंवा दुधात टाकणं हे घरीच झालं पाहिजे. एक तास उलटून गेला तरी दात फेकू नका, डॉक्टर तरी बसवू शकतात. तो कायमचा टिकेलच असं नाही, मूळ हळूहळू झिजते, पण वाढत्या वयाच्या पोराला काही वर्षं मिळतात अन् तिथलं हाड टिकते.

दात सापडलाच नाही अन् माणूस खोकून राहिला असेल तर हे डॉक्टरला नक्की सांगा, श्वासनळीत गेला का ते पाहायला छातीचा एक्स-रे लागते.

डॉक्टर तो दात शेजारच्या दातांना बारीक तारेनं बांधतात, साधारण दोन आठवडे. गोळ्या देतात, जखमेत माती गेली असली तर धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारतात, शेवटचं केव्हा घेतलं ते आठवून ठेवा. मोठ्या माणसाचं रूट कॅनाल दोन आठवड्याच्या आत सुरू करावं लागते, अन् इथंच आपले लोक गळतात, दात बसला, दुखत नाही, मग कशाला जायचं. कोवळ्या पोराच्या दाताच्या मुळाचं टोक उघडं असते म्हणून डॉक्टर कधी वाट पाहतात, ते त्यांच्यावर सोडा. तोवर दोन आठवडे वरण-भात, खिचडी, दुधात कुस्करलेली पोळी असं मऊ खायचं, ज्वारीची कडक भाकर अन् भुट्टा नको, नरम ब्रशनं दात घासायचे. खर्रा अन् गुडाखू, म्हणजे तंबाखूचं सगळंच, बंद, खर्रावाल्यांना हे सांगून काही फायदा नाही तरी सांगतो. पुढं दात काळपट पडला, हलायला लागला, हिरडीवर फोड आला तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दाखवा.